दुसरा स्लॉट

राजदीपचा फोन आला तेव्हा मी एका प्रिंटरमध्ये अडकलेला कागद चिमट्याने ओढून काढत होतो.

"कुंदन, उद्या संघमित्रा येईल तुझ्याकडे, कॉम्प्युटर घेऊन," तो म्हणाला. "रॅम वाढवायची म्हणते. तू सांग, होत नाही."

मला वाटलं, हात जरा तंग असेल. म्हटलं, "अरे, एक पट्टी तर टाकायची. पैसे दे सावकाश."

"पैशाचं नाही रे. ती स्वतःच्याच पैशाने घेतेय." तो म्हणाला. "माझं ऐकणार नाही ती. तुझं ऐकेल. तू या लाइनमधला आहेस."

जळगावला गोलाणी मार्केटमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. घर यावल तालुक्यातलं, केळीवालं. पण मला शेतीत रस नव्हता म्हणून पॉलिटेक्निकला आलो आणि इथलाच झालो. राजदीप धरणगावचा. होस्टेलला आमची एकच खोली. पुढे तो एका पतसंस्थेत लागला. तिच्या अकरा शाखा, आणि अकराही शाखांमधल्या कॉम्प्युटरच्या देखभालीचं काम माझ्याकडे. ते दरवर्षी मार्चमध्ये राजदीपच्या टिपणीवर पुढे चालू व्हायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी मैत्रीखातर केलं असं कुणाला वाटायला नको.

संघमित्रा त्याची बायको. माहेर धुळ्याचं. लग्नाआधी ती तिथे प्रेमराज नानांच्या स्टुडिओत मिक्सिंग शिकली होती. मिक्सिंग म्हणजे लग्नाचं तासन् तास केलेलं शूटिंग कापायचं, जोडायचं, त्यावर गाणी बसवायची आणि बघणाऱ्याला कंटाळा येणार नाही अशी फिल्म करायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिने घरीच ते काम पुन्हा सुरू केलं. चंदन नावाचा इथला एक फोटोग्राफर तिला काम द्यायचा. तिचा हात खरंच चांगला होता. पाठवणीच्या वेळी सगळे कॅमेरे नवरीवर असतात. ही नेमका मागे उभा असलेला, तोंड फिरवलेला बाप शोधून काढायची. लोक तेवढंच पुन्हा पुन्हा लावून बघायचे.

त्या वर्षी चंदन तिला म्हणाला होता, "मॅडम, तुळशीचं लग्न झाल्यापासूनचा पूर्ण सिझन तुमचा. फक्त लग्नानंतर पंधरा दिवसांत फिल्म हातात पाहिजे." आणि तिचा कॉम्प्युटर होता आठ जीबीचा. एवढ्या रॅमवर आजकालच्या कॅमेऱ्यांचं शूटिंग उघडलं की मशीन मान टाकतं. माउस हलवा, वाट बघा. एक फिल्म बाहेर काढायला अख्खा दिवस जायचा.

तो कॉम्प्युटर सहा वर्षांपूर्वी मीच जोडून दिला होता. रॅमसाठी त्यात दोन स्लॉट होते. एकात पट्टी होती, दुसरा रिकामा. तेव्हा मीच राजदीपला म्हणालो होतो, पुढे लागली तर वाढवता येईल.

"पण नको का म्हणतोस?" मी फोनवर विचारलं.

तो म्हणाला, आईचे गुडघे गेलेत, तिला आता घरातलं होत नाही. मग म्हणाला, पोरीच्या अभ्यासाकडे कोण बघणार. शेवटी म्हणाला, "मागच्या महिन्यात एरंडोलला एका साखरपुड्याला गेलो होतो. चंदन भेटला. चार लोकांत माझी ओळख काय करून दिली माहितीये? हे आमच्या मॅडमचे मिस्टर."

"मग काय झालं?"

"तुला नाही कळायचं."

कळलं होतं मला. त्याच वर्षी त्याला डावलून त्याच्या मागून लागलेल्या माणसाला शाखाधिकारी केलं होतं. मी म्हटलं, "बरं, सांगतो."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती रिक्षातून उतरली. कॉम्प्युटरचं कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून लहान मूल धरावं तसं धरलं होतं. जिना चढून आली, काउंटरवर ठेवलं, कपाळ पुसलं.

"कुंदनभाऊ, याच्यात दोन स्लॉट आहेत ना? मी मदरबोर्डाचा नंबर बघून वाचलं." तिने वहीचं एक पान पुढे केलं. बोर्डाचा नंबर, रॅमचा प्रकार, वेग, सगळं नीट लिहिलेलं. माझ्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकांपैकी शंभरात एखादा इतकं वाचून येतो. "आठची अजून एक टाकली की सोळा होईल. चंदनभाऊ म्हणाले, सोळावर चालून जाईल."

"बघतो, वहिनी."

तिला नुसतं 'होत नाही' सांगून भागणार नव्हतं. तिला दाखवावं लागणार होतं. मी बाजूचं झाकण काढलं, ब्रशने धूळ झटकली. मग पहिल्या स्लॉटमधली पट्टी काढली आणि दुसऱ्यात ठेवली. ठेवली म्हणतो, बसवली नाही. पट्टीवर दोन्ही अंगठ्यांनी दाब दिल्याशिवाय ती पूर्ण आत जात नाही. मी वरवर टेकवली. बोर्डाला छोटा स्पीकर जोडला आणि बटण दाबलं. पडदा काळाच. स्पीकरमधून लांब, थांबून थांबून शिट्टी यायला लागली.

"रॅम सापडत नाही म्हणून ओरडतंय," मी म्हणालो. "तीच पट्टी आता पहिल्यात टाकतो." या वेळी नीट दाबली. मशीन सुरू झालं. "बघा. पट्टी चांगली आहे. स्लॉट डेड आहे."

ती वाकून त्या स्लॉटकडे बघत राहिली. जणू काही दिसेल तिला तिथे.

"दुरुस्त नाही होत?"

"बोर्ड बदलावं लागेल. या जुन्या प्रोसेसरचं बोर्ड आता मिळत नाही. म्हणजे जवळजवळ नवाच कॉम्प्युटर."

"एकच सोळाची पट्टी टाकली तर? पहिल्याच स्लॉटमध्ये?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. होऊ शकत होतं ते, अगदी सहज. मी म्हणालो, "या बोर्डाला एका स्लॉटला आठच्या वर चालत नाही."

ते तिने मानलं. वहीच्या त्याच पानावर तिने लिहिलं, एका स्लॉटला आठच. माझ्यासमोर लिहिलं. मग चादर गुंडाळली. मी तपासणीचे पैसे घेतले नाहीत आणि तिला रिक्षापर्यंत कॅबिनेट नेऊन दिलं. ती म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून बरं. दुसऱ्या कुणी उगाच काहीतरी विकलं असतं."

सिझन सुरू झाला. तिचं काय चाललंय ते मला चंदनकडून कळायचं, कारण त्याच्या स्टुडिओतली मशीनही माझ्याकडेच यायची. ती एका लग्नाचे वीस वीस तुकडे करायची, प्रत्येक तुकडा वेगळा बनवायची आणि शेवटी जोडायची. मोबाइल, टीव्ही सगळं सोडून मशीनसमोर बसायची. तरी पहिल्या तीन फिल्म वेळेत दिल्या तिने. कशा दिल्या ते तिलाच माहीत.

चौथं लग्न एरंडोलचं होतं. मोठं घर, पाच कॅमेरे, वरून ड्रोन. फिल्म जवळजवळ झाली होती. सेव्ह करताना मशीन अडकलं. तासभर वाट बघून तिने बंद करून चालू केलं तर फाइल उघडेना. चार दिवसांचं काम गेलं. तिने पहिल्यापासून सुरुवात केली, पण तोवर पुढची दोन लग्नं येऊन पडली होती. फिल्म महिन्याने पोचली. नवरीच्या भावाने चंदनच्या स्टुडिओत येऊन गिऱ्हाइकांसमोर नाही नाही ते ऐकवलं. चंदनने उरलेला सिझन नाशिकच्या एका माणसाला देऊन टाकला.

"मला वाईट वाटतं हो," चंदन माझ्या दुकानात बसून म्हणाला. "मॅडमसारखा हात नाही कुणाचा. पण मशीनच साथ देत नाही. त्यात खरंच रॅम टाकता येत नाही?"

"स्लॉट डेड आहे," मी म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणताना काहीच जड गेलं नाही.

त्याच दिवसांत रॅमचे भाव चढायला लागले. आधी वाटलं चार दिवसांचं असेल. महिन्याभरात दुप्पट झाले, नंतर तिप्पट. व्यापारी फोनवर सकाळी एक भाव सांगायचे, दुपारी दुसरा. संघमित्राचा फोन आला एकदा. एखादा जुना पण दमदार कॉम्प्युटर मिळेल का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, बघतो, सांगतो. बघितलं नाही.

संक्रांतीच्या आसपास राजदीप दुकानावर आला. बऱ्याच दिवसांनी मोकळा दिसत होता. दोन चहा मागवले. "आता घर घरासारखं वाटतं," तो म्हणाला. मी कपात बघत होतो. "ती काही बोलते का?" विचारलं. "नाही. गप्प असते. होईल सवय."

फेब्रुवारीत तिच्या भावाच्या, आकाशच्या घराची वास्तू होती, धुळ्याला. जाताना तिने कॅबिनेटही बसमध्ये नेलं. प्रेमराज नानांनी सांगितलं होतं, घेऊन ये, चार छोटी कामं देतो, इथेच बसून कर. तिथे काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं. नानांच्या स्टुडिओत एक बंद पडलेला कॉम्प्युटर होता. ते म्हणाले, याची पट्टी तुझ्यात टाकून बघू. ती म्हणाली, स्लॉट डेड आहे. नानांनी तरी टाकली. मशीन सुरू झालं आणि पडद्यावर सोळा दिसलं.

ती म्हणाली, अचानक कसा चालू झाला? नानांनी विचारलं, "पोरी, त्याने तुझ्यासमोर पट्टी बसवली तेव्हा आवाज आला होता का?"

सोमवारी ती माझ्या दुकानात आली. हातात काही नव्हतं. एक निवृत्त मास्तर लॅपटॉप न्यायला आले होते, ते बाजूला बसलेले.

"कुंदनभाऊ, रॅम बसताना आवाज येतो ना?"

मी वर बघितलं. "येतो."

"कसा?"

"टक् असा. क्लिप बसते त्याचा."

"त्या दिवशी आला नव्हता."

मास्तरांनी लॅपटॉप मिटला. मी म्हणालो, "वहिनी, कधी कधी स्लॉटमध्ये कार्बन धरतो. प्रवासात हादरे बसले की सुटतो…"

"म्हणजे धुळ्याच्या रस्त्याने स्लॉट दुरुस्त झाला?"

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मी काल यांना विचारलं. म्हटलं, कुंदनभाऊंनी असं का सांगितलं असेल? तर म्हणाले, कुंदनचं काय घेऊन बसलीस, त्याला येतंच काय. पॉलिटेक्निकलासुद्धा माझ्या वह्या उतरवून पास झाला. पतसंस्थेचं काम मी देतो म्हणून त्याच्या दुकानाचं शटर वर जातं."

माझे कान तापले. मास्तर समोर बसलेले. पतसंस्थेच्या कामाचं खरं होतं, वह्यांचं खोटं. उलट मीच त्याची ड्रॉइंगची शीट काढून द्यायचो. पाच महिने ज्याच्यासाठी खोटं बोललो त्याने मला असं एका फटक्यात अडाणी करून टाकलं होतं.

"त्यानेच सांगितलं होतं मला," मी म्हणालो. आणि मग थांबलो नाही. आदल्या दिवशीचा फोन, आईचे गुडघे, पोरीचा अभ्यास, मॅडमचे मिस्टर, सगळं. स्लॉट चांगला होता हेही. एक सोळाची पट्टी चालली असती हेही. सांगताना मला बरं वाटत होतं, हे लपवून उपयोग नाही.

तिने काउंटरची कड धरली होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "हे मी रिक्षातून उतरले तेव्हा सांगता आलं असतं."

"चुकलं माझं, वहिनी."

"चूक तर माझी म्हणा. मी लिहून घेतलं." ती जायला वळली, पुन्हा थांबली. "आणि आत्ता जे सांगितलंत ना, ते त्यांनी तुम्हाला नावं ठेवली म्हणून सांगितलंत. नाहीतर तुम्ही मला कार्बनच सांगत बसला असतात."

ती गेल्यावर मास्तरांनी लॅपटॉप पिशवीत घातला. बिल किती झालं ते विचारलं, दिलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

घरी काय झालं ते मला फारसं माहीत नाही. राजदीपचा एकच फोन आला. "तोंड बंद ठेवता आलं नाही तुला?" एवढं बोलून त्याने ठेवला. मार्चमध्ये पतसंस्थेचं काम दुसऱ्याला गेलं. चंदनही कमी यायला लागला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मुलीची परीक्षा संपल्यावर संघमित्रा तिला घेऊन धुळ्याला गेली. देवपुरात दोन खोल्या घेतल्या आणि नानांच्या स्टुडिओत रोज बसायला लागली. राजदीप लोकांना सांगायचा, तिच्या वडिलांची तब्येत बरी नसते म्हणून गेलीये. वडील सकाळी दोन मैल चालायला जायचे, हे निम्म्या धुळ्याला माहीत होतं.

मे महिन्यात भर उन्हात राजदीप दुकानात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली. नमस्कार नाही की काही नाही. म्हणाला, "एक मशीन जोडून दे. मिक्सिंगसाठी. रॅम बत्तीस टाक."

"भाव माहितीये का सध्याचा?"

"टाक म्हटलं ना."

"तिने मागितलाय?"

"बत्तीसच टाक," तो पुन्हा म्हणाला. मी विचारणं सोडून दिलं. काम हातात नव्हतं, आणि गिऱ्हाईक गिऱ्हाईक असतं. तीन दिवसांत मशीन तयार केलं आणि त्याच्या घरी नेऊन पोचवलं.

दार द्रौपदाबाईंनी उघडलं, राजदीपच्या आईने. भिंत धरत धरत आल्या होत्या. मी खोकी आत आणली, टेबलावर जागा केली.

"हाऊ कोनासाठे आना रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

"राजदीपने मागवलाय, अक्का. वहिनींसाठी."

"ती ते धुळाले शे." त्या हळूहळू खुर्चीवर टेकल्या. मी वायरी जोडत होतो. मग म्हणाल्या, "माले कोनी सांगं नही, पन बठ्ठं समजस माले. मना गुडघास्नं नाव काबर लिधं त्यानी? मी कवय म्हनं तिले का काम करू नको? पोरगी मशीनवर बसे, ते मी भाकरी करी घेऊ. बसी बसी करी घेऊ."

आपल्या गुडघ्यांचं नाव त्याने का घेतलं, तिला काम करू नको असं आपण कधी म्हटलं, हे त्या मला विचारत होत्या, आणि मला मान वर करता येईना. मशीन सुरू केलं, सगळं तपासलं, बत्तीस दिसत होतं. बंद केलं. त्यांनी पाणी विचारलं, मी नको म्हणालो.

राजदीपने धुळ्याला फोन करून तिला सांगितलं असणार. तीन आठवडे गेले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, मुलगी तिकडेच चौथीत बसली. एके दिवशी राजदीपचा मेसेज आला: परत घेशील का?

मी गेलो. मशीनवर प्लास्टिक तसंच होतं. त्याने घासाघीस केली नाही, मी जी सांगितली ती मान्य केली. दाराशी आल्यावर एकदम म्हणाला, "काय म्हणाली माहितीये? म्हणाली, माझ्याकडचा चांगला चालतोय."

मी मान हलवली आणि खोकं उचललं. राजदीप दारातच उभा होता. आम्ही दोघं आता बोलत नाही. रस्त्यात दिसला तर तो गाडी वळवतो, किंवा मी वळवतो.

मशीन मी तसं विकलं नाही. रॅमच्या दोन्ही पट्ट्या आधी काढून घेतल्या. भाव तोवर अजून चढले होते. चार दिवसांत धरणगावचा एक फोटोग्राफर येऊन त्या पट्ट्या घेऊन गेला, आणि मला त्यात बरे पैसे सुटले.